तीच जुनी तक्रार

“लोक काय म्हणतायत?” मनगटावरच्या टाक्यांच्या व्रणावरून अंगठा फिरवत त्यानं बायकोला विचारलं. ऑपरेशननंतरचा हा त्याचा पहिलाच निओक्लासिकल मेटल अल्बम, पाश्चात्त्य शास्त्रीय ढंगाच्या सुसाट गिटारचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, “गिटार वाजवाल, पण वेग विसरा.” आता स्वतःच्या कानांवरही त्याचा भरवसा उरला नव्हता.

ती मोबाइलवरचे अभिप्राय वाचू लागली. “‘व्हायोलिनच्या चाली गिटारवर झकास उतरल्यात.’ ‘ड्रम्स दणदणीत.’”

“माझ्या वाजवण्याबद्दल वाच गं.”

ती घुटमळली. “एकानं फार झोंबणारं लिहिलंय.”

“वाच.”

“‘याचं आपलं तेच! नुसती बोटांची पळापळ. अरे, श्वास तरी घे की बाबा!’”

पूर्वी याच टोमण्यानं त्याचा तिळपापड व्हायचा. आज मात्र त्यानं डोळे पुसले.

“परत वाच,” तो म्हणाला. “पळापळीचं तेवढं.”