आजोळची नावं

"मेलिसांद, न अडखळता म्हणायचं हं," म्हणत उमरावांनी लेकीला बिशपांसमोर स्टुलावर उभं केलं.

आजोळची वंशावळ तिला आईनेच शिकवली होती, रोज वेणी घालताना. आता भिंतीशी उभी असलेली आई मान हलवून नको नको म्हणत होती. आपण चुकू अशी तिला भीती वाटतेय, असं समजून मेलिसांदने आवाज आणखी चढवला. आईचे वडील, त्यांचे वडील, असं करत ती पाचव्या पिढीला पोचली. "लाल दाढीवाला गोतिये!"

बिशपांनी हात वर केला. गोतियेची ढाल उमरावांच्याच आसनामागे टांगलेली होती. त्यांचाही मूळपुरुष तोच. त्या काळच्या फ्रान्समध्ये सात पिढ्यांच्या आतल्या नात्यात लग्न चालत नसे.

"म्हणजे हे लग्न झालंच नव्हतं," बिशप म्हणाले. मुलगा न देणाऱ्या बायकोपासून उमराव सुटले.

मेलिसांद धावत त्यांच्याकडे आली. "बाबा, एकही नाव चुकलं नाही ना?"

"एकही नाही." उमरावांनी बाहीवरचा तिचा हात झटकला. "आणि यापुढे मला बाबा नाही, सरकार म्हणायचं."