गाळलेल्या जागा

“चार मिनिटांचं दीड मिनिटात बसवलं,” शाळेत व्हिडिओचा तास घेणाऱ्या बाई आईच्या कानाशी वाकून म्हणाल्या. “सगळं अडखळणं काढून टाकलं. आता बघाच, कशी घडाघडा बोलते तुमची मुलगी.”

आई बेकरीतून तशीच आली होती. बाह्यांना पीठ होतं. तिने मान हलवली. शेजारी मुलगी स्वतःच्या बुटांकडे बघत बसली होती.

शाळेच्या सभागृहातले दिवे मालवले. पडद्यावर नाव आलं: ‘माझा आवाज’. स्पर्धेत पहिला आलेला व्हिडिओ. मुलीने तो एकटीने चित्रित केला होता. वर्गाच्या खिडकीत फोन टेकवून, समोर बसून, एका दमात. म्हणजे तिच्या दमात.

पडद्यावरची मुलगी बोलू लागली. “मी बोलताना अडखळते. कोपऱ्यावरचा दुकानदार माझं वाक्य संपेपर्यंत थांबत नाही. दोन शब्द ऐकतो आणि पुडी बांधतो. मग त्याला वाटलेलं सामान मी घरी आणते. थांबते ती फक्त माझी आई.”

हे सगळं ती एकदाही न अडखळता बोलली. तुकडे जोडल्यामुळे मान तेवढी शब्दाशब्दाला टुणकन उडत होती, दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी. मागे व्हायोलिन रडत होतं. त्याला मात्र बाईंनी पुरेसा वेळ दिला होता.

टाळ्या झाल्या. मुख्याध्यापकांनी आधी डोळे पुसले, मग चष्मा पुसला, चषक मुलीच्या हातात दिला आणि माईक तिच्या तोंडाशी धरला. “बोल बाळा, दोन शब्द.”

“म... मला... त्... त्...”

सभागृह थांबलं. एक शिंक यायला लागतो तेवढा वेळ. मग बाईंचा हात पुढे आला आणि माईक त्यांच्याकडे गेला.

“तिला म्हणायचंय, मला तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार मानायचे आहेत.”

पुन्हा टाळ्या, मघापेक्षा मोठ्या.

मुलगी मंचावरून खाली आली. चषक तिने खुर्चीखाली सरकवला आणि तळवे फ्रॉकला पुसले, काहीतरी चिकट लागल्यासारखे.

“काय म्हणायचं होतं गं तुला?” आईने विचारलं.

मुलीने सुरुवात केली. मुख्याध्यापक चहाला गेले. पालक गेले. शिपायाने खुर्च्या एकात एक घातल्या, झाडू मारत या दोघींपर्यंत आला आणि वळसा घालून पुढे गेला. आई बसून होती.

“म... मला... त्या पो... पोरीची... कि... किळस येते.”

“मलासुद्धा,” आई म्हणाली. “भलतीच तोंडाळ आहे. चल.”

त्या दारापर्यंत पोचल्या तेव्हा बाईंनी हाक मारली. “अहो, चषक राहिला हिचा.”

“हिचा नाही, तिचा,” आईने पडद्याकडे बोट दाखवलं. “तिला द्या.”

व्हिडिओ बंद करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. पडद्यावर ती मुलगी तोंड उघडं टाकून शेवटच्या शब्दावर अडकली होती.