परक्याच्या तोंडून

“तुमच्या मेहुण्यांनाच काम द्या,” सल्लागार म्हणाला आणि त्याने तिन्ही कोटेशनं एकावर एक ठेवून दिली.

ग्रंथपालाला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. त्याने बायकोकडे पाहिलं. ती ओट्यापाशी चहा गाळत होती. तिने मान वर केली नाही.

या माणसाला फी देऊन आणलं होतं ते नेमकं उलट्या कामासाठी. बाथरूम आणि स्वयंपाकघर नव्याने करायचं होतं, बँकेने कर्ज मंजूर केलं होतं, आणि तिघा ठेकेदारांपैकी एक होता बायकोचा धाकटा भाऊ. त्याला काम द्यावं आणि पुढे नळ गळायला लागला, तर बोलायचं कुणाला? नाही म्हणावं, तर बायकोचं माहेर दुखावणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून ग्रंथपालाने ठरवलं होतं, की नकार परक्याच्या तोंडून गेलेला बरा. तो परका तर आता मेहुण्याचीच वकिली करत होता.

“अहो, मी तुम्हाला सांगितलं होतं,” ग्रंथपाल आवाज खाली आणून म्हणाला, “नातं अजिबात बघू नका म्हणून.”

“नाहीच बघितलं.”

“कडक बघा म्हटलं होतं.”

“कडकच बघितलं.” सल्लागाराने खिशातून काचेची गोटी काढून टेबलावर ठेवली. “तिघांनी केलेली बाथरूमं बघून आलो. ही फरशीवर ठेवायची. जाळीकडे गेली तर उतार बरोबर. एकाच्या बाथरूममध्ये ती दाराकडे निघाली. दुसऱ्याच्यात जागची हलली नाही. तुमच्या मेहुण्यांच्या कामात सरळ जाळीवर जाऊन बसली. शिवाय त्या दोघांना निम्मे पैसे आधी हवेत. बँक तर काम होईल तसे सोडणार. मधले पैसे तुम्ही आणणार कुठून? हे एकटेच म्हणतात, बँक देईल तेव्हा द्या.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ग्रंथपालाला सल्लागाराचा राग आला. मग खरं बोलणाऱ्याचा राग आला म्हणून लाजही वाटली.

“दुसरं काही कारण निघत नाही का?” तरी त्याने विचारलंच.

“कसलं कारण?”

ग्रंथपालाने टेबलावरची गोटी बोटाने जराशी ढकलली.

“नाही म्हणायचं,” बायको ओट्यापासूनच म्हणाली. तिचा आवाज साधाच होता, जणू साखर किती घालू असं विचारावं. तिला पहिल्यापासून कळलं होतं तर.

“त्यासाठी नेमलं होतं मला?” सल्लागार रागावला नाही. “मग तसं आधीच सांगायचंत. मी आलोच नसतो.”

तेवढ्यात दार वाजलं. मेहुणा आला होता. निर्णय ऐकायला ग्रंथपालानेच त्याला बोलावून ठेवलं होतं. सल्लागाराने काय ते सांगावं आणि आपण खिडकीबाहेर बघत बसावं, असा बेत होता. मेहुणा साइटवरून तसाच आलेला, केसांत सिमेंट. तो दारातच थांबला.

“या, बसा ना,” ग्रंथपाल म्हणाला. लग्नापासून आजवर तो मेहुण्याला अहोजाहोच करत आला होता.

“बसत नाही, भाऊजी. ताई, तू तोंड पाडून उभी राहू नकोस. नाही झालं तरी माझं काही अडत नाही.” तो हसला, पण ते हसू पुरतं जमलं नाही. “हे माझं काम बघायला आले तेव्हाच ओळखलं मी. फक्त मला नाही म्हणायला तुम्हाला पगारी माणूस लागला ना, त्याचं वाईट वाटलं.”

चहा आला, पण कप कुणी उचलला नाही.

“मी तुमचंच नाव सुचवलंय,” सल्लागार मेहुण्याला म्हणाला. “पण हो यांनी म्हणायचं. तो माझा अधिकार नाही.”

आता सगळे ग्रंथपालाकडे बघत होते. हो म्हणायला असा किती वेळ लागतो? पण नाही म्हणवायला निघालेल्या माणसाला हो म्हणताना आधी बरंच काही गिळावं लागतं. तो कपाच्या कानाशी चाळा करत राहिला.

“उद्या काही चुकलं,” शेवटी तो म्हणाला, “तर मला बोलता यायचं नाही तुम्हाला.”

“का बरं?”

“मेहुणे ना तुम्ही.”

“म्हणूनच बोला. तोंडावर बोला, चारचौघांत बोला. निरोप तेवढा पाठवू नका.”

ग्रंथपालाला पटलं. पटलं तरी शब्द फुटेना. सारा जन्म पुस्तकांत गेला, लोकांना ओठांवर बोट ठेवून गप्प करण्यात गेला, स्वतःचा आवाज कधी वापरायची वेळच आली नव्हती.

“बरं, ती बाथरूमची ओल तेवढी बघून जातो,” मेहुणा म्हणाला. “काम कुणी का करेना, भिंत तर ताईची आहे.” आणि तो खोली ओलांडून आत निघाला. त्याच्यामागे ओल्या फरशीवर चिखलाचे ठसे उमटत गेले.

“अरे ए!” ग्रंथपाल ओरडला. “बूट काढ आधी! आत्ता फरशी पुसलीय तिने, डोळे आहेत की काय आहे तुला?”

स्वतःचाच आवाज ऐकून तो दचकला. मेहुणा जागच्या जागी थांबला. ग्रंथपालाकडे वळून त्याने पाहिलं, मग वाकून मुकाट्याने नाड्या सोडल्या आणि बूट हातात घेतले.

“चुकलं, भाऊजी.”

बायकोने पदराने डोळे टिपले आणि ती फडकं शोधू लागली.

“घ्या,” ती सल्लागाराला म्हणाली, “म्हणाले ते हो.”