पृथ्वीची सावली

मुलाखतीत शेवाळेबाईंनी पर्समधून लिंबू काढलं, त्यावर मोबाइलचा टॉर्च धरला आणि म्हणाल्या, “चंद्राची अर्धी बाजू कायम उजळलेली असते. तो पृथ्वीभोवती फिरतो, त्यामुळे त्या उजेडाचा कधी कमी, कधी जास्त भाग आपल्याला दिसतो. म्हणून कला.”

संस्थेचे अध्यक्ष बशीत चहा ओतत होते. “काहीतरीच. पृथ्वीची सावली पडते, म्हणून चंद्र कापलेला दिसतो.” बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या.

बाईंची नऊ वर्षं तासिका तत्त्वावर गेली होती. कायमची जागा एकच होती आणि वयाची मर्यादा याच वर्षी संपत होती. त्यांनी टॉर्च बंद केला. “बरोबर आहे सर. सावलीच.”

अध्यक्षांनी बशी खाली ठेवली. “सावली ग्रहणात पडते, बाई. मी म्हटलं म्हणून लगेच चंद्र बदललात? पोरांना काय शिकवणार? या तुम्ही.”

बाहेर बाकावर पुढची उमेदवार बसली होती, बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. ती लगबगीने उठली. “बाई, काय विचारलं?”

“चंद्राच्या कला.”

“मग सोपंय. तुमचं लिंबू अजून आठवतं मला.”

बाईंनी लिंबू पर्समध्ये टाकलं. “लिंबूबिंबू नको गं. साहेबांना पृथ्वीची सावलीच पटते. तेवढंच सांग.”

“आशीर्वाद द्या, बाई,” म्हणत मुलगी वाकली. बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.