चुंबक लावून बघा

केतकीनं बोट टेकवलं आणि कुलूप उघडलं. कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या तिच्या धाकट्या भावानं, निषादनं, सुटकेचा श्वास सोडला. बोटाच्या ठशावर उघडणारं हे कुलूप त्यानं नोकरी सोडून बनवलं होतं आणि सोमवारी ते बाजारात येणार होतं.

एवढ्यात लाइव्ह व्हिडिओखाली साताऱ्याच्या एका काकांचा प्रश्न आला. "ताई, एरवी तुम्ही प्रत्येक कुलपाला चुंबक लावून बघता. आज नाही लावलंत?"

निषादनं 'नको' म्हणून जोरजोरात मान हलवली. आधी ब्लॉग, मग पॉडकास्ट, मग हे चॅनल. आजवर केतकीनं भल्याभल्या कंपन्यांची भीड बाळगली नव्हती. लोक तिच्या शब्दावर वस्तू घेत. आज वेळ कमी आहे, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तिनं कुलूप पुन्हा बंद केलं, खणातून चुंबक काढलं आणि भावाकडे न बघता कुलपाच्या कडेला टेकवलं.

खट्! बोट न लावताच कुलूप उघडलं.

"हे कुलूप माझ्या भावानं बनवलंय," ती कसंबसं म्हणाली, "पण तुम्ही ते घेऊ नका."

निषाद दाराकडे निघाला. हा आता आपल्याशी जन्मात बोलणार नाही, असं तिला वाटलं. पण दाराशी जाऊन तो वळला आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी, कॅमेऱ्यासमोर बसला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"सोमवारी हे बाजारात येणार नाही," तो म्हणाला. "काका, अजून काय काय लावून बघू, तेही सांगून टाका."