एकेक नग

"एकदा लावून दिलं की हजार नग. एकाला दुसऱ्यापासून ओळखून दाखवा!" विक्रेत्याने त्या अजस्र मशीनच्या पाठीवर थाप मारली.

"हजार?" सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आमच्याकडे दोन सारखे आले तरी आम्ही दचकतो, बाबा."

सुनेने ओठ दाबून धरले. आई कुठेही गेल्या तरी तोंड घरी ठेवून येत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. पण आज हसायची सोय नव्हती. त्यांच्या छोट्या कारखान्यातला एकुलता एक लेथ, धातू कातायचं यंत्र, परवापासून मुका झाला होता. डेअरीच्या पंपाचं काम उद्या गेलं नाही, तर ते गिऱ्हाईक दुसऱ्या दारात जाणार आणि त्याच्यामागून बाकीचीही. वर्षभर ती नव्या मशीनसाठी सासूबाईंच्या मागे लागली होती. दर वेळी 'बघू'. आज सकाळी मात्र त्या आपण होऊन म्हणाल्या, "चल, मशीनं बघू."

आज ठरवलं तर शोरूममधलंच मशीन उद्या सकाळी बसवून मिळणार होतं.

"म्हणजे काकू, तुमचं काम रोज वेगळं?"

"सकाळी एक, दुपारी भलतंच. तेव्हा मला वेग सांगू नकोस. एक काम उतरवून दुसरं चढवायला हे किती रडवतं, ते दाखव."

विक्रेत्याचा चेहरा उजळला. त्याने दोघींना कोपऱ्यातल्या लहानशा मशीनकडे नेलं.

सासूबाईंनी पिशवीतून एक झिजलेला पितळी बुश, दांड्याभोवती बसणारं कडं, काढला आणि शेजारी पितळेचा एक नि पोलादाचे दोन तुकडे ठेवले. "नमुना झिजलाय, माप मी सांगते. धातूही घरचाच आणलाय. तुमचा कशाला नासवायचा?"

"आई, हे कुठल्या गिऱ्हाइकाचं?" सुनेने हळूच विचारलं. ऑर्डरी आणि फोन तीच सांभाळायची. असं काम तिच्या टेबलावर आलं नव्हतं.

"आहे एक जुनं. तू नव्हतीस तेव्हापासूनचं."

विक्रेत्याने पडद्यावर मापं भरली. बुश तयार झाला. सासूबाईंनी तो बोटावर चढवून फिरवला आणि लगेच दुसरा नमुना पुढे केला, खाचेचा शाफ्ट, बोटभर लोखंडी दांडा. पकड बदलली, मापं बदलली, टूल आपलं आपण फिरून जागेवर आलं.

"बघ," त्या सुनेला म्हणाल्या, "न सांगता पुढच्या कामाला लागतं. आपल्या घरातल्या पुरुषांना इथे आठवडाभर आणून बसवायला हवं."

तिसरं होतं दातेरी चाक. विक्रेत्याने डोकं खाजवलं, मग भिडला. दात एकेक करून कोरले गेले, तसा त्याचाही चेहरा खुलला. "एका नगासाठी मशीन लावायला कुणी तयार होत नाही हो, काकू. तुम्ही लोक हे रोज करता, कमाल आहे!"

"कुणी तयार होत नाही, हे खरं. दोन दिवस तेच ऐकतेय. पण तुझा हात लोण्यासारखा आहे हं. आणि निवडही चुकली नाही. आमच्यासारख्यांना हेच मशीन."

सुनेचा जीव भांड्यात पडला. इतकं कौतुक तिने सासूबाईंच्या तोंडून लग्नातसुद्धा ऐकलं नव्हतं. शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेली ही बाई तीन नगांत मशीनची नाडी धरते, याचा तिला अभिमान वाटला.

"मग हेच पाठवू ना उद्या?"

"कळवते." सासूबाईंनी तिन्ही नवे नग रुमालात बांधले. "हे नेऊ ना? घरी दाखवायला."

"तुमचेच आहेत, काकू!"

रस्त्यावर येताच सुनेच्या संयमाचा बांध फुटला. "आई, कळवते काय? आज हो म्हटलं नाही तर उद्या डेअरीचं काम कशावर करायचं?"

"आपल्याच लेथवर," सासूबाई म्हणाल्या. "पाय उचल, मिस्तरी त्याची गिअरपेटी उघडी टाकून या तीन नगांची वाट बघत बसलाय."