नीटनेटकी बाग

शिकागोतल्या जुन्या उकिरड्यावर एउलालियाने तीन वर्षं राबून मिल्कवीडची झुडपं वाढवली होती. मोनार्क फुलपाखरांच्या अळ्या दुसऱ्या कशाला तोंडच लावत नाहीत. आज नगरसेविका ‘मोनार्कचं घर’ अशी पाटी लावायला येणार होती. एउलालिया पोचली, तर वाफ्यांत मेक्सिकोत मृतांच्या सणाला वाहतात तो टवटवीत झेंडू. “मिल्कवीड कुठंय?” तिची नणंद चायो हात झटकत म्हणाली, “उपटलं! पानांची पार चाळण झाली होती, वहिनी. आधीच आपल्या मेक्सिकन वस्तीला गलिच्छ म्हणतात मेले.” तेवढ्यात नगरसेविका आलीच. “वा, किती नीटनेटकी बाग!” टाळ्या पडल्या, पाटी ठोकली गेली. “वहिनी, फोटोला या की! तोंड काय पाडलंय?” चायोने हाक मारली. एउलालिया कुंपणाकडे वळली. तिथल्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीची गाठ तिने सोडली. आत पट्टेरी अळ्या फुलपाखरं व्हायच्या घाईत कोमेजलेली पानं अजूनही कुरतडत होत्या.